आंत्रे म्हणजे सुरुवात की मुख्य पदार्थ?

अमेरिकेत जेवणातल्या मुख्य पदार्थाला 'आंत्रे' (entrée) म्हणतात ही अमेरिकनांची चूक, असं एकांनी लिहिलंय; शिवाय आपल्या जेवणात पुरणपोळी हा मुख्य पदार्थ का, असाही प्रश्न आहे. मला ती चूक वाटत नाही. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ प्रवेश, हे खरंच. पण एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मेजवानीत आंत्रे म्हणजे तोंडात टाकायची चटकमटक नव्हे. आधी सूप, मग मासा, त्यानंतर आंत्रे: दाट सॉसमध्ये शिजलेलं कोंबडी-वासराचं गरमागरम मांस, नाहीतर वोलोव्हाँमध्ये, म्हणजे पोकळ खुसखुशीत पेस्ट्रीत, भरलेलं रागू, म्हणजे दाट रश्शातलं मांस. ते पोटभरीचंच असे. त्याच्यामागून येई भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा, म्हणजे रोस्ट, आणि मान त्याचा.

पुढे रोजच्या जेवणातले टप्पे कमी होत गेले. अमेरिकेत आंत्रे हे नाव मांसाच्या भरभक्कम पदार्थाला चिकटून राहिलं, रोस्टही त्यातच आला. फ्रान्समध्ये ते पहिल्या पदार्थाकडे सरकलं. तिथे आज आंत्रे, प्ला आणि देसेर (शेवटचं गोड) असा क्रम असतो, मुख्य पदार्थ म्हणजे प्ला. म्हणजे मांसाचा जुना अर्थ उलट अमेरिकेनेच जपला! ऑस्ट्रेलियात मात्र आंत्रे म्हणजे आधीची छोटी प्लेट, तेव्हा सिडनीत भूक लागली असेल तर मेन्यूत 'मेन्स'खाली, म्हणजे मुख्य पदार्थांत, बघा.

राहिला पुरणपोळीचा प्रश्न. वरणभात, पोळी, मसालेभात, शेवटी ताकभात अशा पंगतीच्या जेवणात एकालाच मुख्य ठरवायचा हट्ट कशाला? तिथे सगळ्यांचाच मान आहे.