मदत हवी आहे: ‘मोरसला गेला, मागं दिवा न्हाई’. मॉरिशसला गेलेला पूर्वज इकडून कसा शोधायचा?

नमस्कार मंडळी,

मी राहते कोल्हापुरात, माहेर भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्या पुढं. गेल्या माघात आमच्या गावी हेळवी आला होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हेळवी म्हणजे आपल्या भागातल्या घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे लोक. पूर्वी नंदीवर बसून यायचे, आता मोटारसायकलवरून येतात. सुगी संपली की येणार, सोप्यात घोंगड्यावर बसणार, मूळ पुरुषापासून सुरुवात करून काल-परवा जन्मलेल्या पोरापर्यंत नावं म्हणणार. मग नव्या नोंदी करून, धान्य-कापड घेऊन पुढच्या घरी.

माझे थोरले चुलते, आमचे तात्या, आता ८४ वर्षांचे आहेत. ते हेळव्यासमोर मांडी घालून बसले होते आणि मी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होते. नावं भराभर चालली होती. एका ठिकाणी हेळवी म्हणाला, “त्येचा पाठचा भाऊ”, नाव घेतलं, “मोरसला गेला. मागं दिवा न्हाई.” आणि पुढच्या नावाकडं वळला. (नाव इथं देत नाही, ज्यांना उपयोग असेल त्यांना व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करीन.)

हे वाक्य तात्यांनी लहानपणीही ऐकलं होतं. त्यांना वाटायचं मोरस हे कोकणातलं एखादं गाव असेल. मलाही तसंच वाटलं असतं, पण मला आज्जी आठवली. आमच्या घरी रोजचा चहा गुळाचा. पाहुणे आले की आज्जी आईला आतून हाक मारायची, “गूळ नगं गं, मोरस घाल च्यात!” मोरस म्हणजे साखर. जुन्या लोकांच्या तोंडी मॉरिशसचं नाव मोरस असंच होतं आणि तिथून येणाऱ्या साखरेलाही तेच नाव पडलं. म्हणजे आमचा माणूस त्या बेटावर गेला होता.

आणखी एक गोष्ट. सर्वपित्री अमावस्येला आमच्या घरी एक पान जास्तीचं वाढतात. नैवेद्य सगळा इतर पानांसारखाच, फक्त त्या पानाच्या कडेला चिमूटभर साखर ठेवायची. आज्जी ठेवायची, मग आई, आता वहिनी ठेवते. का, ते कुणी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. रेकॉर्डिंग ऐकल्यानंतर मी तात्यांना त्या साखरेबद्दल बोलले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मागं दिवा न्हाई म्हंतोय त्यो. हितं न्हाई. तितं लागला असंल तर?”

म्हणून हा धागा. पुढच्या सुगीला हेळवी परत येईल तेव्हा ती नोंद दुरुस्त करून घ्यावी, एवढीच तात्यांची इच्छा आहे. जमीनजुमला, वाटणी, असलं काही यात नाही.

आतापर्यंत जे वाचलं ते थोडक्यात सांगते, चुकत असेल तर सुधारा. मॉरिशसवर आधी डच होते, ऊस त्यांनीच जावाहून आणला. १७१५ पासून फ्रेंच, १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १८३५ साली तिथं गुलामगिरी बंद झाली. ज्यांना गुलाम केलं होतं त्यांच्या हातावर काही पडलं नाही, मळेवाल्यांना मात्र सुमारे २० लाख पौंड भरपाई मिळाली. ऊस तोडायला माणसं हवीच होती, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या धक्क्याला आज आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा आणि नोंदवहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज, मळा, अंगावरच्या खुणा, सगळं लिहिलं जायचं. या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत.

घरात एक आठवण अशी आहे की हा माणूस ‘दंग्यात नाव आलं म्हणून’ घरातून गेला. आमचं घराणं गडकऱ्यांचं, भुदरगडाच्या शिबंदीतलं, म्हणजे गड राखणाऱ्या शिपायांचं. म्हणजे हा १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव असणार. ईस्ट इंडिया कंपनीनं नेमलेल्या कारभाऱ्यानं गडकऱ्यांच्या जमिनींना हात घातला, तेव्हा सामानगड, भुदरगड, पन्हाळा सगळे उठले. कंपनीच्या फौजेनं गड घेतले, तटबंद्या पाडल्या. सावंतवाडीकडचे बंडवाले गोव्यात पळाले. आमचाही घाट उतरून कोकणात आणि तिथून मुंबईत गेला असेल, असा माझा अंदाज. दुसरी खूण म्हणजे त्याच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती, असं आज्जी सांगायची.

एका सरकारी कार्यालयात तीन वेळा जाऊन आले. एकदा साहेब रजेवर, एकदा वह्या बांधून ठेवलेल्या, तिसऱ्यांदा म्हणाले तुमच्याकडं पुरावा काय. पुराव्यासाठीच तर गेले होते.

मला विचारायचंय ते असं. कोल्हापूर हे संस्थान, इंग्रजांचा जिल्हा नव्हे, मग नोंदवहीत जिल्हा म्हणून काय लिहिलं असेल? सातारा? रत्नागिरी? की ज्या बंदरातून निघाला तिथलंच नाव? आपली नावं तिथल्या कारकुनांनी कशी लिहिली असतील? आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात जहाजांवर चढलेल्यांच्या याद्या कुणी पाहिल्यात का?

—

मोडीचा विद्यार्थी:
ताई, धागा वाचून अंगावर काटा आला. पण एका गोष्टीवर थांबा, १८४४ वर. १८३८-३९ मध्ये मजूर नेण्यावर बंदी आली होती, ती १८४२ च्या कायद्यानं उठली आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई तिन्ही बंदरं उघडली. पण पुढच्याच वर्षी नवा कायदा करून मॉरिशसची वाहतूक एकट्या कलकत्त्यावर आणली. मुंबई पुन्हा सुरू झाली ती १८५० च्या दशकात. १८४४ अखेर पळालेला माणूस मुंबईतून लगेच जहाजावर चढणं अवघड दिसतं. मधली आठ-दहा वर्षं तो कुठं होता? आणि तोवर त्याचं वय काय? मळ्यांना तरणे गडी हवे असायचे.

‘दंगा’ म्हणजे गडकऱ्यांचाच, असं हेळव्यानं सांगितलंय की तुम्ही धरून चाललाय? कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ ला २७ व्या पलटणीचे शिपाई उठले, डिसेंबरात पुन्हा शहराचे दरवाजे बंद करून उठाव झाला आणि त्यानंतर इंग्रज अधिकारी जेकबनं माणसं तोफेच्या तोंडी दिली. राजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं. आणि मॉरिशसला सगळ्यात जास्त मजूर उतरले ते १८५८-५९ मध्ये. १८५९ या एका वर्षात चाळीस हजारांच्या वर. आधी पिढी पक्की करा. हेळव्याचा ‘त्येचा’ म्हणजे नक्की कुणाचा?

ऊसकरी:
आमच्या घरी पण आजोबा मोरसच म्हणायचे. आज कळलं का ते. गुऱ्हाळघरात जन्म गेला आणि हे माहीत नव्हतं.

पोर्टलुईचा पाहुणा:
मी नोकरीनिमित्त तिथं तीन वर्षं होतो. तिथल्या मराठी लोकांचं मूळ बहुतेक कोकणात निघतं. गणेश चतुर्थीची तिथं सार्वजनिक सुट्टी असते आणि त्यांची झाकरी ऐकली की आपली जाखडीच, कोकणातलं ते नाचगाणं, आठवते. गणपतीत एका घरी गेलो होतो, घरात बोलणं सगळं क्रिओल या तिथल्या बोलीत, आणि आरतीला उभे राहिले तर ‘सुखकर्ता’ सगळ्यांना तोंडपाठ. मला पहिल्या कडव्यानंतर पुढं म्हणवेना, आवाजच फुटेना.

कामाचं बोलतो. तिथं शोध उलट्या दिशेनं चालतो. वंशज आपल्या जन्म-लग्नाच्या दाखल्यांवरून एकेक पिढी मागं जातो, मूळ माणसाच्या क्रमांकापर्यंत पोचतो आणि मग मोक्याला वही उघडली जाते. तुमच्याकडं क्रमांक नाही, वंशजही नाही, त्यामुळं नाव, बापाचं नाव, गाव आणि खूण या चारांवरच भिस्त. करंगळीची गोष्ट अर्जात सगळ्यात वर लिहा. अशी व्यंगं आणि व्रण नोंदवहीत टिपलेले असतात.

आडनावावर वेळ घालवू नका. तिथं बहुतेकांचं आडनाव गेलं, बापाचं किंवा स्वतःचं पाळण्यातलं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. लिहिणाऱ्याला नाव जसं ऐकू आलं तसं लिहिलं गेलं. फ्रेंच वळणाच्या कानाला ‘ह’ ऐकू येत नाही, ‘ठ’ आणि ‘ध’ चं काय होत असेल बघा. एका नावाची दहा-बारा रूपं करून सगळी पाठवा. फोटो १८६० च्या दशकापासून लागतात. १८६७ च्या कायद्यानं करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटोचं तिकीट जवळ बाळगावं लागे, तेव्हा तो तोवर जिवंत आणि बेटावर असेल तर आशा सोडू नका.

मोडीचा विद्यार्थी:
जिल्ह्याबद्दल: सातारा, रत्नागिरी, सावंतवाडी, बेळगाव, सगळं धरून चला. गावाचं नाव मात्र तो स्वतः सांगणार, ते बदलणार नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानचं दप्तर आहे, मोडीत. गडकऱ्यांच्या जमिनींच्या कागदात भावाभावांची नावं एकत्र सापडू शकतात, तिथं बापाचं नाव पक्कं होईल. वाचायला मी येतो, शनिवार सोडून कधीही.

गारगोटीकर:
२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध चालला होता तेव्हा जुनी मोडी कागदपत्रं स्कॅन झाली, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकली होती. आपल्या गावाचं पान आहे का बघा. तात्यांची डीएनए चाचणीही करून ठेवा ताई. बापाकडून मुलाकडं जाणारा धागा त्यांच्यात आहे. तिकडच्या एखाद्या पुरुष वंशजानं कधी चाचणी केली तर जुळेल. ८४ म्हणजे थांबू नका.

पोर्टलुईचा पाहुणा:
हो, आणि तिकडचे लोकही शोधतायत. २०२४ मध्ये आपल्या सरकारनं मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड खुलं केलं, त्यासाठी त्यांना मूळ माणसाचे कागद काढावे लागतात. तुमच्या माणसाची पणतवंडं-खापरपणतवंडं याच वेळी ‘भुदरगड’ हे नाव कसं उच्चारायचं ते कुणाला तरी विचारत असतील.

—

धागाकर्ती (चार दिवसांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गावी गेले. तात्यांच्या कानाला हेडफोन लावून दिला आणि रेकॉर्डिंगचा तेवढाच तुकडा सात-आठ वेळा लावला. आम्ही दोघांनी कागदावर नावं उतरवली. मी गृहीत धरलं होतं की ‘त्येचा पाठचा’ म्हणजे तात्यांच्या खापरपणजोबांचा भाऊ. तसं नाही. हेळवी खापरपणजोबांचं नाव घेतो, श्वास घेतो, पणजोबांचं नाव घेतो आणि त्याला लागून ‘त्येचा पाठचा’ म्हणतो. मागं कोंबडा ओरडला होता त्यात मधलं नाव माझ्या कानावरून गेलं होतं. तात्यांनी बरोबर पकडलं.

पणजोबांचा जन्म साधारण १८३५ च्या पुढचा. म्हणजे पाठचा भाऊ ५७ च्या दंग्याच्या वेळी विशीतला. मोडीचा विद्यार्थी, तुमचंच खरं निघेल असं वाटतंय. आणि पणजोबांचा भाऊ म्हणजे आता बापाचं नावही पक्कं झालं, ते हेळव्याच्या वहीतच आहे.

तात्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग माझ्या आज्ज्यानं त्येला बघितला नसंल, पर त्येच्या बापानं बघितला हाय.” त्यांच्यासाठी तो एकदम एक पिढी जवळ आला.

मोक्याला पाठवायचा अर्ज इंग्रजीत तयार करतेय. करंगळी पहिल्या ओळीत घातली आहे. नावाची रूपं आतापर्यंत चौदा झालीत, तिकडच्या बोलीची सवय असलेल्या कुणी एकदा नजर टाकली तर बरं होईल. पोर्टलुईचा पाहुणा, तुम्हाला व्यनि केलाय. मोडीचा विद्यार्थी, मंगळवारी सकाळी अकराला पुराभिलेखागारात जमेल का? तात्यापण येतो म्हणतायत, त्यांना पायऱ्या जमतील का तेवढं आधी सांगा.