मदत हवी आहे: घरातल्या रेडिएशनचा आकडा वाचायचा कसा?

नमस्कार मंडळी, आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात (चंद्रपूर). लहान भाऊ जपानात कोरियामाला नोकरीला आहे, २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला तिथून साधारण ६० किमी. त्यानं जुनं लाकडी घर भाड्यानं घेतलं आणि संक्रांतीनंतर बायको न् दोन वर्षांच्या पोरीला घेऊन जाणार आहे, म्हणून आधी गायगर मीटरनं (रेडिएशन मोजायचं यंत्र) घर मोजून काढलं. जमिनीपासून एक मीटर उंचीवर, आकडा स्थिर होऊ देऊन पाच रीडिंग, त्याची सरासरी. खालच्या खोलीत ताशी ०.०८ मायक्रोसिव्हर्ट (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), माडीवर ०.११, आणि छपराच्या पन्हाळीचं पाणी पडते त्या मातीजवळ ०.३५.

दिवाळीत मीटर इकडं घेऊन आला. मायनं सैपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून पाहिलं तर ०.१७! माय म्हणते, तिकडं कमी न् इकडं जास्त, मंग तू काहून घाबरून राहिला? पण त्या दिवसापासून नातीला ओट्यावर बसवू देत नाही.

ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम निसर्गतःच असते एवढं मला समजते. पण मीटर नुसते टिकटिक मोजते, ते ओट्यातलं की अपघातात बाहेर पडलेल्या किरणोत्सारी सिझियमचं हे सांगत नाही ना? मग तिकडच्या ०.०८ मधलं सिझियम किती हे कसं ओळखायचं?

दुसरं, तिथं सगळे ताशी ०.२३ मायक्रोसिव्हर्टचा निकष सांगतात. तो म्हणे घराबाहेरचा आकडा आहे, रोज ८ तास बाहेर न् १६ तास लाकडी घरात, आणि घरात बाहेरच्या ४० टक्के लागते असं धरून वर्षाला नैसर्गिक रेडिएशनच्या वरचं १ मिलिसिव्हर्ट. असं असंल तर घरातला आकडा थेट ०.२३ शी तोलणं चूकच झालं ना? भाऊ तसंच करून राहिला होता.

माडीवर जास्त येते ते छपरामुळं का पोटमाळ्यावरच्या जुन्या धुळीमुळं? सिझियम-१३७ निम्मं व्हायलाच ३० वर्षं लागतात, आणि पोरगी दिवसभर चटईवर लोळते, हात तोंडात घालते, त्यामुळं माझा जीव धुळीतच अडकला आहे. व्हॅक्यूम क्लीनरची भरलेली पिशवी मीटरजवळ धरली तर काही कळंल का, की लॅबमध्येच द्यावी लागंल?

तारापूर, कैगा, काक्रापार अशा कुठल्या अणुवीज केंद्रात काम केलेलं कोणी असंल तर कृपया सांगा. भाऊ पुढच्या आठवड्यात एकटा परत जाऊन राहिला, मीटर सोबत नेतो आहे, तुम्ही सांगाल तसं पुन्हा मोजून फोटो इथंच टाकतो.