खानदेशातली ती: वाटेत भेटणाऱ्या देखण्या बाईच्या गोष्टी

लघुभयकथा लिहायला घेतली की बहुतेकांना आधी ती हडळच आठवते. पांढरी साडी, मोकळे केस, सुनसान रस्ता, 'पुढच्या गावापर्यंत सोडता का?' आणि शेवटच्या ओळीत उलटे पाय. वाचणाऱ्याला पाय दुसऱ्याच परिच्छेदात दिसलेले असतात, फक्त कथेतल्या गड्याला दिसत नाहीत. म्हणून ही विचारणा. आपल्या खानदेशात ती कुठे भेटते, काय मागते, कशी बोलते? ऐकलेलं, लिहिलेलं, घडलेलं, सगळं चालेल. फक्त कुठल्याही खऱ्या बाईचं नाव नको.

केळीवाला, चोपडा

आमच्याकडे ती रस्त्यावर नसते, बागेत असते. कृषिपंपाची लाईट पाळीने रात्रीची येते, तेव्हा कुणाला तरी वॉल फिरवायला जावंच लागतं. बाग भरात आली की आत दोन हातांपलीकडचं दिसत नाही. वारा नसला तरी कुठेतरी एखादं फाटकं पान दुसऱ्यावर घासतं, आणि बाई लुगडं सावरत चालल्यासारखं वाटतं. आमचा सालदार सांगायचा, ती घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारते. पण दोनदाच. तिसरी हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही.

एका रात्री आईच खरोखर डबा घेऊन बांधावर आली. दोन हाका मारल्या. मी बॅटरी विझवून दांडावर उकिडवा बसलो, तिसरीची वाट बघत. ती आलीच, "आते काय बहिरा व्हई गया का रे?" अशी. भाकरी गार झाली होती, शिव्या गरम होत्या.

तरी सांगतो, लिहिणाऱ्यांनी रूप सोडावं आणि आवाज धरावा. अनोळखी सुंदर बाईपासून माणूस थोडा तरी सावध राहतो. आईच्या आवाजापासून नाही.

पांझराकाठची, धुळे

सगळे तिचं रूप सांगतात. माझ्या आजीच्या गोष्टीत रूप नव्हतंच. आजीची हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. तिचा जीव बाळात अडकलेला. तिची मयत नेताना वाटेवर राळे टाकायचे. ती रात्री परत निघाली की दाणे वेचत बसते, वेचून होईपर्यंत उजाडतं. राळ्याचा दाणा केवढा असतो ते ज्याने पाहिलंय त्याला ही युक्ती कळेल. आणि चुकून पोचलीच तर ती कुणा तरण्या गड्याकडे जात नाही, पाळण्याकडे जाते. आजी म्हणायची, "पोऱ्याले दूध पाजाले येस ती." भागवतातली पूतनासुद्धा देखणी बाई होऊन आली ती गोकुळातल्या तान्ह्या बाळासाठी, नंदासाठी नव्हे.

ओसरीवर बायकांत सांगितली जाणारी गोष्ट ही. पारावर पुरुषांत गेली आणि तीच बाई देखणी झाली, चिंचेखाली उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला खुणावू लागली. बाळ गोष्टीतून गळालं. मला हे पटत नाही. तान्हं मूल मागे टाकून जिला मरावं लागलं, तिला तुमच्या मोटरसायकलवर बसायची हौस कशाला असेल?

कथेकरी, अमळनेर

वरच्या ताईंचं वाचून माझी जुनी कथा काढली आणि अर्धी खोडली. पण उलट्या पायांची बाजू घेतो. पाय दाखवायचे नाहीत, ठसे दाखवायचे. उन्हाळ्यात तापीच्या पात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या असतात. राखणदार वाळूतच खोपी करून राहतात. माझ्या कथेत सकाळी खोपीच्या दारातून निघून नदीकडे गेलेली पावलं दिसतात. रात्री आलेली बाई गेली म्हणून तरुण राखणदार सुटकेचा श्वास सोडतो. म्हातारा मात्र ठसे बघून जागच्या जागी थांबतो. तिची पावलं बाहेर गेलेली दिसतात, म्हणजे ती आत आलेली आहे. कथा तिथेच संपवली. त्यापुढे मी तिचे दात, नखं, किंकाळी असं बरंच लिहिलं होतं, ते सगळं काढल्यावर बरी झाली.

संवाद अहिराणीत ठेवा, हीही एक सूचना. 'आपण कुठे निघालात?' म्हणणारी हडळ थेट पुण्याहून आल्यासारखी वाटते. 'कथा (म्हणजे कुठे) चालना रे भाऊ?' म्हटलं की माणूस थांबतोच.

पडावकर, नंदुरबार

नाव नको ही अट धागा काढणाऱ्याने घातली ते चांगलं केलं. मी सातपुड्याच्या पायथ्याला नोकरी करतो. आमच्याकडे गोष्टीतली बाई मेलेली नसते. ती जिवंत असते, शेजारच्या पाड्यात राहते आणि तिला डाकीण म्हणतात. कुणाचं पोर आजारी पडलं, बैल मेला, की बोट तिच्याकडे. मारहाण होते, गावाबाहेर काढतात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे, आणि अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते इथे या प्रथेविरुद्ध काम करतात. 'देखण्या विधवेच्या डोळ्यांत काहीतरी होतं' अशी सुरुवात मोबाईलवर फिरत आली की मला पुढे वाचवत नाही. मेलेल्या हडळीवर खुशाल लिहा.

भुसावळकर, सध्या मुक्काम कोची

इथली यक्षी ताडावर राहते. रात्री वाटसरूकडे विड्यासाठी चुना मागते, आणि सकाळी ताडाखाली त्याचे केस आणि नखं तेवढी मिळतात. चुन्यासारखी साधी वस्तू मागणं मला फार आवडलं. आपल्याकडेही ती बहुधा तंबाखूच मागेल, आणि खानदेशात तंबाखूला नाही कोण म्हणतो?

सिस्टर, यावलकडची

मी स्वतः हडळ झालेली आहे, तेव्हा माझं ऐका.

उपकेंद्रात अडलेली बाळंतीण होती. तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून पाठवलं आणि मी स्कूटीवर घरी निघाले. तापीच्या पुलाच्या अलीकडे स्कूटी बंद पडली. मोबाईलला रेंज नाही, अंगात पांढरा ड्रेस, धावपळीत अंबाडा सुटलेला. एक मोटरसायकल आली, मी हात केला. त्याने आधी वेग कमी केला, दिव्याच्या उजेडात माझ्याकडे नीट पाहिलं आणि अशी गाडी पिळली की मागे बसलेला पडता पडता वाचला. मी ओरडले, "ओ दादा, थांबा ना!" त्यावर मारुतीचं नाव ऐकू आलं, तेही लांबून. पाठोपाठ ट्रॅक्टर आला, तोही नाही थांबला. शेवटी केळीच्या ट्रकवाल्याने बसवलं. तो म्हणाला, "आधी पायच पाहिले, ताई." बूट सरळ होते म्हणून घरी पोचले.

पुढे लसीकरणाच्या दिवशी ओट्यावर बायका हीच गोष्ट मला सांगत होत्या. पुलाजवळ हडळ आहे, हाक मारते, दादा म्हणते. पाय उलटे होते हे त्या मोटरसायकलवाल्याने शपथेवर सांगितलं होतं. रूपाचं विचारलं, तर म्हणाल्या, फार देखणी. मी काही खोडून काढलं नाही. "पुढचं बाळ आणा," म्हटलं.