जिओकॅशिंग: काहीच न सांगणाऱ्या हिंट लोक का लिहितात?

प्रश्न : पायवाट (श्टुटगार्ट)

नमस्कार मंडळी. जर्मनीत आल्यापासून आमच्या घरी जिओकॅशिंगचा छंद चांगलाच रुजला आहे. ज्यांना याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कुणीतरी एखादी डबी सहज दिसणार नाही अशा बेताने बाहेर कुठेतरी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो. इतरांनी जीपीएसच्या आधाराने ती शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. अशा लपवलेल्या डबीला कॅश म्हणतात. प्रत्येक कॅशच्या पानावर वर्णनाखाली हिंटसाठी जागा असते. ही हिंट रॉट-१३ पद्धतीने, म्हणजे रोमन लिपीतले प्रत्येक अक्षर तेरा घरे सरकवून दाखवलेली असते, जेणेकरून ज्याला ती नको आहे त्याच्या वाचनात ती चुकूनही येऊ नये.

माझी तक्रार या हिंटबद्दलच आहे. श्योनबुखच्या जंगलात नजर पोहोचेल तिथवर बीचची झाडे असतात, आणि हिंट उलगडावी तर मजकूर निघतो ‘झाडाच्या मुळाशी’. संपूर्ण लोखंडी पादचारी पुलावर लिहिलेले असते ‘चुंबकीय’. कुठे ‘शीर्षक नीट वाचा’, कुठे ‘दिसली की कळेलच’, तर कुठे ‘इतक्या सोप्या कॅशला हिंट कशाला हवी?’ असा टोमणा. शेवटचा प्रकार मला सर्वांत खटकतो, कारण हिंट उघडणारा माणूस तोवर अर्धा तास त्या जागी वाकून वाकून शोधून थकलेला असतो आणि त्याला मदतीऐवजी चिमटा मिळतो. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या जंगलांत गोचिडींमुळे मेंदूज्वराचा धोका असल्याने इथे त्यावरची लस घ्यायला सांगतात; अशा ठिकाणी मुलांना पालापाचोळ्यात विनाकारण हात घालायला लावणे मला योग्य वाटत नाही.

आता आम्ही स्वतःची पहिली कॅश ठेवण्याच्या विचारात आहोत. जाणकारांनी सांगावे की लोक अशा हिंट का लिहितात, आणि चांगली हिंट लिहिताना नेमका कशाचा विचार करावा.

प्रतिसाद : अक्षवृत्त (पोर्टलंड, ऑरेगन)

पायवाट, तुमचा प्रश्न रास्त आहे. मला वाटते, पुष्कळ लपवणाऱ्यांच्या मनात हिंट कशासाठी असते हेच स्पष्ट नसते. त्यांना वाटते की हिंट म्हणजे कोड्याचाच आणखी एक थर. प्रत्यक्षात हिंटचे पहिले काम असते जीपीएसची त्रुटी भरून काढण्याचे.

हिशेब करून पाहा. संकेतस्थळावर स्थान अंश आणि मिनिटांत, मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असते. अक्षांशाच्या त्या शेवटच्या आकड्यात एकाचा फरक म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ मीटर. म्हणजे आकडे दिसायला फार काटेकोर असतात. पण मोकळ्या आकाशाखाली हातातले यंत्र साधारण तीन ते पाच मीटर चुकते आणि दाट झाडीत त्याहून बरेच जास्त. शिवाय ही चूक दोनदा घडते, एकदा लपवणाऱ्याच्या यंत्रात आणि एकदा तुमच्या. दोन्ही चुका पाच-पाच मीटरच्या आणि विरुद्ध दिशांना असल्या, तर शोधायचे वर्तुळ दहा मीटर त्रिज्येचे होते, म्हणजे तीनशे चौरस मीटरहून अधिक जमीन. त्या वर्तुळात बीचची पाच-दहा मोठी झाडे सहज असतील आणि प्रत्येकाला मुळे असतील. तेव्हा ‘झाडाच्या मुळाशी’ या हिंटने फक्त फांद्या आणि ढोल्या बाद झाल्या. झाड कोणते, हा मुख्य प्रश्न जागच्या जागी राहिला.

‘चुंबकीय’ या हिंटबद्दल मात्र मी थोडा वेगळा विचार मांडतो. लाकडी बाकाला चारच लोखंडी बोल्ट असतील, तर हीच हिंट उत्तम ठरते, कारण एका शब्दात ती तुम्हाला त्या चार बोल्टांपाशी आणून सोडते. लोखंडी पुलावर तिच्यातून काहीच बाद होत नाही. हिंटचे मोल अशा रीतीने जागेवर अवलंबून असते: तिथे उभ्या असलेल्या माणसासमोर किती शक्यता आहेत आणि तुमच्या वाक्याने त्यांतल्या किती गळतात, एवढेच पाहायचे.

या छंदाची सुरुवात आमच्याच भागात झाली, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. नागरी जीपीएसच्या संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम जी चूक मिसळत असे, ती २ मे २००० रोजी बंद झाली आणि त्यामुळे शंभर मीटरपर्यंत जाणारी अनिश्चितता एकदम काही मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी पोर्टलंडच्या दक्षिणेला बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवली आणि उपग्रह दिशादर्शनाची चर्चा चालणाऱ्या यूजनेट गटावर तिचे स्थान जाहीर केले. त्या छोट्या संदेशातच त्यांनी सांगून टाकले होते की जमिनीत बरीचशी पुरलेली काळी प्लॅस्टिकची बादली शोधा. वस्तू काय, रंग कोणता, ती कोणत्या अवस्थेत आहे, हे सारे एका वाक्यात आले. (खड्डा खणून कॅश पुरणे आजच्या नियमांत बसत नाही, हा भाग वेगळा.) ज्या खेळाची सुरुवात इतक्या सरळ वाक्याने झाली, त्यात पुढे ‘दिसली की कळेलच’ कुठून आले, कोण जाणे.

प्रतिसाद : हार्त्सनिवासी (गोस्लार)

वरच्या हिशेबाशी मी सहमत आहे. माझ्या स्वतःच्या काही कॅश असल्याने मालकाची बाजूही मांडतो. प्रत्येक निरुपयोगी हिंट मुळातच निरुपयोगी असते असे नाही. काही कालांतराने तशा होतात. २०१८ ते २०२० या कोरड्या वर्षांत सालकिड्यांनी आमच्या हार्त्स डोंगरांमधली स्प्रूसची जंगलेच्या जंगले वाळवली आणि वनखात्याने मोठाले पट्टे तोडून मोकळे केले. ‘दोन स्प्रूसच्या मधोमध’ असे कुणी लिहून ठेवले असेल, तर तिथे आज उघडा डोंगर असू शकतो. कॅश शाबूत असते, कारण ती दगडाखाली असते, पण तिची खूण गेलेली असते. म्हणून खूण निवडताना आधी खडक, पूल, मैलाचा दगड अशा टिकाऊ वस्तूंकडे पाहावे आणि झाडांकडे नंतर. नाइलाजाने झाड निवडलेच, तर झाड गेल्यावरही खोडाचा बुंधा उरतो हे ध्यानात ठेवून वाक्यरचना करावी.

ऋतूंचेही तसेच आहे. उन्हाळ्यात लिहिलेली ‘नेच्यांच्या मागे’ ही हिंट जानेवारीत कुणाच्याच कामाची नसते. इकडचे लोक काटक्यांची समांतर रास रचून तिच्याखाली डबी ठेवतात. अशा राशीला जर्मन कॅशर गमतीने ‘हाझनग्रिल’ म्हणतात. ती सरावलेल्या नजरेला वीस पावलांवरून ओळखू येते, पण नवख्याला तो रानातला नेहमीचा कचरा वाटतो. ‘हाझनग्रिल’ एवढीच हिंट लिहिणारा मालक फक्त जुन्या भिडूंशी बोलत असतो.

आणि उंची सांगायची असेल तर ‘डोळ्यांच्या पातळीवर’ असे कृपया कुणी लिहू नये. आमच्या गावातल्या एका मालकाची उंची दोन मीटरच्या आसपास आहे आणि त्याच्या कॅश शोधताना माझी पत्नी नेहमी विचारते, ‘कुणाच्या डोळ्यांच्या?’ सेंटिमीटरमध्ये लिहिले की वादच मिटतो.

प्रतिसाद : कोडेबहाद्दर (बंगळूरु)

इथे सूर एकतर्फी लागतो आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. प्रत्येक कॅशला १ ते ५ या मापावर, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने, काठिण्य दिलेले असते. मालकाने काठिण्य साडेचार लावले असेल आणि हिंट मोघम असेल, तर त्याने तुम्हाला फसवलेले नाही. त्याने अवघडपणा आधीच जाहीर केला होता. अशा ठिकाणी तासभर शोधणे हाच खेळ असतो आणि ज्याला तो नको असेल त्याने दीडच्या कॅश शोधाव्यात. शीर्षकातच खूण दडवण्यातही मला काही गैर वाटत नाही, फक्त ती शीर्षकात खरोखर असली पाहिजे.

तक्रार करायचीच असेल, तर ती मिस्ट्री कॅशच्या, म्हणजे आधी कोडे सोडवून जागा शोधून काढायच्या कॅशच्या, हिंटबद्दल करावी. तिथे मदत दोन वेगवेगळ्या ठिकाणी लागते: घरी बसून कोडे सोडवताना आणि नंतर प्रत्यक्ष जागी डबी शोधताना. हिंटची जागा मात्र एकच असते आणि वाचणाऱ्याला आधी कळत नाही की ती कोणत्या टप्प्याची आहे. ‘मूळ संख्या’ असे वाचून माणूस कोड्याकडे वळतो, आणि ‘तिसरा खांब’ असे वाचून त्याला अजून न सापडलेल्या जागेबद्दल नको ते कळते. अनेक टप्प्यांच्या मल्टी कॅशमध्ये तर पहिल्या टप्प्यासाठी हिंट उघडली की शेवटच्या टप्प्याचे गुपितही त्याच ओळीत फुटते. यावर मला पटलेला उपाय असा की उत्तर तपासून देणारी जी साधने असतात, त्यांत बरोबर उत्तर आल्यावर मालकाचा निरोप दाखवण्याची सोय असते. शेवटच्या जागेची खूण तिथे द्यावी आणि पानावरची हिंट फक्त कोड्यासाठी ठेवावी.

प्रतिसाद : हार्त्सनिवासी (गोस्लार)

कोडेबहाद्दर, काठिण्याचा मुद्दा मान्य आहे. पण मूळ तक्रार दीडच्या कॅशबद्दलच आहे. ‘इतक्या सोप्या कॅशला हिंट कशाला’ हे वाक्य साडेचारच्या पानावर कुणी लिहिलेले मी पाहिलेले नाही. हिंट द्यायची नसेल तर ती जागा रिकामी ठेवता येते आणि रिकामी जागा कुणाचा अपमान करत नाही.

प्रतिसाद : तळमजला (लंडन)

शहरातल्या कॅशबद्दल एकच मुद्दा मांडते. इंग्लंडमध्ये २०११ साली वेदरबी या गावात एका कॅफेबाहेर ठेवलेली कॅश कुणाला तरी संशयास्पद वाटली आणि बॉम्बशोधक पथकाने नियंत्रित स्फोट करून ती उडवली. हिंट मोघम असली की माणूस त्याच कुंडीभोवती आणि त्याच खांबाभोवती पुन्हा पुन्हा घोटाळतो, खाली वाकतो, फटींत बोटे घालतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत भरतो. रानात वेळ वाया जातो, पण गजबजलेल्या चौकात पोलीस येतात. म्हणून वस्तीतल्या कॅशची हिंट, काठिण्य काहीही असो, तुम्हाला पाच मिनिटांत थेट डबीपाशी नेणारी असावी असे माझे ठाम मत आहे. डबीवर ती जिओकॅश असल्याचे बाहेरून स्पष्ट लिहिलेले असावे, हे तर आलेच.

प्रतिसाद : बुरूज (पुणे)

लंडनच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. आपल्याकडे स्थानकांवर ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ हे इतकी वर्षे ऐकवले गेले आहे की खांबामागे काहीतरी चाचपडणारा माणूस इथे लगेच घेरला जातो. आपल्याकडे कॅश तुरळक आहेत आणि ज्या आहेत त्यांच्या परिसरात कुणालाच हा खेळ माहीत नसतो, त्यामुळे समजावून सांगायलाही फार वेळ लागतो.

पण मला अधिक काळजी किल्ल्यांची वाटते. ‘दगडाच्या फटीत’ अशी हिंट सह्याद्रीत लिहिणे धोक्याचे आहे. फुरसे आणि विंचू यांना राहायला हीच जागा आवडते, आणि कोणती फट हे सांगितले नसेल तर माणूस प्रत्येक फटीत हात घालत जातो. त्यात तटबंदीचे सांधेही उचकटले जातात, आणि किल्ला संरक्षित स्मारक असेल तर तो गुन्हाही ठरू शकतो. मुळात अशा वास्तूच्या बांधकामात कॅश ठेवूच नये. बाहेर, नैसर्गिक खडकापाशी ठेवली, तर ‘हात घालण्याची गरज नाही, वाकून पाहिले तरी दिसते’ असे हिंटमध्येच लिहावे. काय करायचे नाही हे सांगणारी हिंट मला फार मोलाची वाटते आणि ती फार क्वचित आढळते.

एक तांत्रिक बाब राहिली. पायवाट, तुम्ही हौसेने मराठीतही हिंट लिहिणार असाल, तर रॉट-१३ फक्त रोमन अक्षरेच सरकवते. देवनागरी मजकूर पानावर उघडाच दिसेल. अंकही तसेच राहतात, म्हणून ‘३ रा खांब’ असे न लिहिता ‘तिसरा’ असे रोमन लिपीत अक्षरी लिहावे. चौकटी कंसातला मजकूर मुद्दामच सरकवला जात नाही, त्यामुळे ‘हिंट शेवटच्या टप्प्यासाठी’ अशी पूर्वसूचना तिथे देता येते. कोडेबहाद्दरांच्या तक्रारीवर हाही एक उपाय आहे. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मात्र एका टिचकीसरशी सारे सरळ वाचता येते.

पायवाट (श्टुटगार्ट)

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेनंतर आम्ही ठरवलेल्या जागेचा पुन्हा विचार केला. पायवाटेपासून आत एक जुना ओक आहे आणि त्याच्या शेजारी वाळूच्या दगडाचा सीमास्तंभ आहे. डबी म्हणजे नेहमीची पेटलिंग, बोटभर लांबीची प्लॅस्टिकची नळी, ओकच्या मुळांमधल्या पोकळीत ठेवणार आहोत. काठिण्य दीड. हिंटचा मसुदा असा आहे: ‘सीमास्तंभाजवळचा ओक, उजवीकडचे मूळ, जमिनीलगत.’ यात काही सुधारणा सुचते का?

प्रतिसाद : अक्षवृत्त (पोर्टलंड, ऑरेगन)

सीमास्तंभ उत्तम, तो हलणार नाही. ‘उजवीकडचे’ मात्र काढा, कारण तुम्ही पायवाटेवरून याल आणि दुसरा कुणी पलीकडच्या उतारावरून चढून येईल, मग उजवी बाजू प्रत्येकाची वेगळी होईल. ‘स्तंभाच्या समोरचे मूळ’ असे लिहा. नोव्हेंबरमध्ये ती पोकळी पानांनी भरून जाईल, म्हणून ‘पाने बाजूला सारा, खणू नका’ हेही जोडा.

प्रतिसाद : हार्त्सनिवासी (गोस्लार)

आणि पहिल्या दोघा-तिघांचे लॉग लक्ष देऊन वाचा. सापडली नाही असे कुणी नोंदवले, तर त्यांना कुठे कुठे पाहिले ते विचारा आणि त्यावरून हिंट बदला. प्रसिद्ध झाल्यावरही ती हवी तेव्हा बदलता येते, पण हे करणारे मालक मला फारसे भेटलेले नाहीत.