जंगलातलं काळं अस्वल किती वर्षं जगतं?

अमेरिकेतल्या काळ्या अस्वलांबद्दल विचारतोय. कुणी १० वर्षं म्हणतं, कुणी ३०. एवढा फरक कसा काय? आणि मरतात कशाने, म्हातारपणाने का?

रानभुली: दोन्ही बरोबर आहे रे. शरीर ३० वर्षं टिकू शकतं पण तिथवर पोचू देतंय कोण! मोठी अस्वलं जास्त करून माणसामुळेच मरतात, शिकार, गाडीची धडक, नाहीतर कचऱ्याच्या डब्याची चटक लागली की वस्तीत येतात आणि मग गोळी. पिल्लांचं वेगळं, उपासमार होते, कधी नर अस्वलच मारून टाकतं.

जुना_भटक्या: मिनेसोटातली ५६ नंबरची मादी वाचा. १९८१ मध्ये रेडिओ कॉलर घातली तेव्हा ती ७ वर्षांची होती, आणि गेली २०१३ मध्ये, म्हणजे ३९ ची होऊन!! शेवटी दिसायला, ऐकायला कमी झालं होतं तरी फिरत होती. शिकाऱ्यांना कॉलरवाल्या अस्वलांना मारू नका अशी विनंती होती, त्याचाही हातभार असणारच म्हणा.

प्रश्नकर्ता: पण कॉलर नसेल तर वय कळतं कसं?

रानभुली: दातावरून. एक छोटा दात काढून त्याचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघतात, झाडाच्या खोडासारखी वर्षाला एक रेघ असते. मादीने पिल्लं वाढवली त्या वर्षीची रेघ बारीक येते, म्हणजे बाळंतपणंसुद्धा दातात लिहिलेली :)