इतिहास मेजर आहे, मानवशास्त्र कसं शिकू? (पुणे) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात बीएला आहे, इतिहास मेजर नक्की आहे, अडलंय मायनरवर. मला मानवशास्त्र म्हणजे अँथ्रोपॉलॉजी हवंय पण आमच्या कॉलेजात तो विषयच नाही. सर म्हणतात समाजशास्त्र घे, जवळपास तेच असतं. खरंच तेच असतं का?

मला इतिहास आणि मानवशास्त्र दोन्ही का हवंय ते सांगते. मामाचं गाव शिरूर तालुक्यात, तिथून इनामगाव जवळ. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातल्याच जमिनीखाली पुरायचे, मोठ्या माणसांचे पाय तर घोट्यापाशी तोडलेले सापडलेत. का करत असतील? लिहिलेलं एक अक्षर नाही, मग आज लोक मेलेल्यांबद्दल काय मानतात, काय विधी करतात हे बघूनच अंदाज बांधायचा ना. आणि जिथे कागद भरपूर आहेत तिथेही तेच, पेशवे दप्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, त्यात चराईच्या कराची नोंद मिळेल पण धनगराच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं घेऊन उतरतात त्या तळावर, बाईच्या वाट्याला काय काम यायचं, कोकरं कोण सांभाळायचं हे विचारायला वाड्यावरच जावं लागणार. इरावतीबाई कर्वे १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या, त्यांनी नातेसंबंधांवर एवढं काम केलं आणि पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या उत्खननालाही गेल्या. याच शहरात हे झालंय, म्हणून मला एक सोडून दुसरं धरावंसं वाटतच नाही.

घरी बाबांना मानवशास्त्र चालतंय कारण ते यूपीएससीला ऑप्शनल घेता येतं, पण मला यूपीएससी करायचीच नाहीये, मला संशोधन करायचंय आणि हे त्यांना अजून नीट पटवता आलेलं नाही.

इतिहासात बीए करून मग विद्यापीठात मानवशास्त्राला गेलेलं कुणी आहे का इथे? उत्क्रांती, जनुकशास्त्र, हाडांची मोजमापं हा भाग आर्ट्सवाल्यांना कितपत जड जातो? मी दहावीनंतर सायन्सला हात लावलेला नाही, आतापासून काय वाचायला घेऊ? मोडी मात्र आत्ताच शिकावी असं वाटतंय, भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग कॉलेज सांभाळून जमतात का?

आणि फील्डवर्क. मामाच्या ओळखीने वाड्यावर जाता येईल, पण पहिल्याच भेटीत वही काढून बसणं मला बरं वाटत नाही, लोक आपल्या घरातलं सांगणार म्हणजे त्यांना आधी काय सांगायचं, परवानगी कशी घ्यायची, रेकॉर्डिंग करावं का, हे ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

मायनरचा फॉर्म महिनाअखेरीस भरायचाय. समाजशास्त्र घेऊन पुढे मानवशास्त्राला गेलेल्यांचा अनुभव तर नक्कीच हवाय.