हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र ठेवले तरी पाणी का तयार होत नाही?

प्रश्न
सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने जुळणारा बंध) शिकत असताना माझ्या मुलीने एक शंका काढली. ऑक्सिजनला अष्टक (बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होण्यासाठी दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात आणि हायड्रोजनला द्विकासाठी (दोन इलेक्ट्रॉनांसाठी) एक. मग हे दोन वायू एका भांड्यात भरल्याबरोबर त्यांचे पाणी का होत नाही, ठिणगी कशाला लागते? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १
शंका रास्त आहे. भांड्यात सुटे अणू नसतातच. हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने आणि ऑक्सिजनचे दुहेरी बंधाने बांधलेले असल्यामुळे द्विक-अष्टकाची गरज आधीच भागलेली असते. पाणी होण्यासाठी हे जुने बंध तुटावे लागतात. हिशेब असा (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या): २ मोल हायड्रोजनचे बंध तोडण्यास सुमारे ८७२ आणि १ मोल ऑक्सिजनचे तोडण्यास ४९८, असे एकूण १३७० किलोज्यूल खर्च होतात, तर ऑक्सिजन-हायड्रोजनचे ४ मोल नवे बंध जुळताना सुमारे १८५० किलोज्यूल मोकळे होतात. उरलेले जवळपास ४८० किलोज्यूल म्हणजेच त्या स्फोटाची उष्णता. ठिणगी सगळे बंध तोडत नाही, मोजकेच रेणू फोडते. त्यांतून सुटलेला हायड्रोजनचा अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळला की एका क्रियाशील कणाचे दोन होतात आणि साखळी पसरत जाते.

प्रतिसाद २
हिशेब मान्य, परंतु अष्टक हा लक्षात ठेवण्यास सोयीचा नियम आहे, बंधाचे कारण नव्हे. सामाईक इलेक्ट्रॉन-जोडीची कल्पना रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. ती जोडी अणूंना का धरून ठेवते, याचे गणित वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये हायड्रोजनच्या रेणूसाठी केले. इलेक्ट्रॉनांना दोन्ही केंद्रकांचे आकर्षण एकाच वेळी लाभते आणि एकूण ऊर्जा घटते, एवढाच त्याचा गाभा. पाण्यात ऑक्सिजनजवळ न वाटलेल्या आणखी दोन जोड्या उरतात, त्या बंधांतील जोड्यांना दूर लोटतात आणि रेणू १०४.५ अंशांत वाकतो. (तो फळ्यावर सरळ रेषेत काढणे शिक्षकांनी खरोखरच थांबवावे.)

प्रतिसाद ३
वाकलेल्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची धन राहते, त्यामुळे शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी (रेणूरेणूंमधील सौम्य आकर्षणाने) एकमेकांना धरतात. पाणी उकळताना सुटतात ते हे बंध, सहसंयुज बंध नव्हेत, हेही मुलीला सांगावे: १ मोल पाण्याची वाफ करण्यास सुमारे ४१ किलोज्यूल पुरतात, तर त्या वाफेचे सुटे अणू करायचे झाल्यास ९२० किलोज्यूलांहून अधिक लागतील.